वाई, कृष्णा आणि घराखालची टाकी : एक प्रकरण अभ्यास

सेप्टिक टँकचा विषय काढला की छोट्या गावात एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं : ‘आमची टाकी वीस वर्षांत एकदाही भरली नाही.’ सांगणाऱ्याच्या आवाजात अभिमान असतो. गवंडी चांगला मिळाला, टाकी ऐसपैस बांधली, आता कटकट नाही, असा त्याचा अर्थ. पण सेप्टिक टँक वापरात आल्यावर थोड्याच दिवसांत काठोकाठ भरते आणि मग कायम भरलेलीच राहते. जेवढं पाणी वरून येतं तेवढंच पलीकडच्या नळीतून बाहेर जातं. तिचं काम पाणी साठवण्याचं नसून पाणी थोडा वेळ थांबवून त्यातला मैला तळाशी बसू देण्याचं आहे. वीस वर्षं न उपसलेल्या टाकीत तळाचा गाळ इतका वर आलेला असतो की पाण्याला थांबायला जागाच उरत नाही. ते आत येतं तसंच मैला घेऊन बाहेर पडतं. घरमालकाला हे कळायचं काही कारण नसतं, कारण संडास तुंबत नाही. कळतं ते नदीला.

सातारा जिल्ह्यातल्या वाई नगरपालिकेने या टाकीपासून सुरुवात केली, म्हणून हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे नदी स्वच्छ करायची म्हटलं की पहिला कागद निघतो तो शुद्धीकरण केंद्राच्या इमारतीचा. वाईत पहिला कागद निघाला तो घरोघरच्या टाक्यांच्या यादीचा.

गाव आणि नदी

क्षेत्र महाबळेश्वरला उगम पावून कृष्णा डोंगर उतरते, धोमच्या धरणात थांबते, मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्याखालून वाहते आणि वाईत येते. कृष्णाकाठचं हे पहिलं मोठं गाव. २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ३६ हजार. पुढे संगम माहुलीला वेण्णा मिळते, कऱ्हाडला कोयना, मग सांगली, मग नरसोबाची वाडी. म्हणजे वाईने नदीत जे सोडलं त्याच्या खाली पाणी उचलणारी गावं ओळीने उभी आहेत.

गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी आणि भीमकुंड आळी असे सात घाट, आणि माघ-फाल्गुनाच्या सुमाराला या घाटांवर पाळीपाळीने बसणारा कृष्णाबाईचा उत्सव. नदीला इथे बाई म्हणतात ते मनापासून. गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. पुराचा लोंढा आला की त्या निमुळत्या टोकावर तो दुभंगतो आणि देऊळ टिकतं. नदीच्या काठी बांधायचं तर नदीचा स्वभाव ओळखून बांधायचं, हे त्या कारागिरांना ठाऊक होतं. शौचालयं बांधताना मात्र आपण नदीचा विचार केला नाही.

इतर शेकडो नगरपालिकांसारखी वाईतही परिस्थिती अशी होती : भुयारी गटार नाही, घरांच्या शौचालयांना सेप्टिक टँक, टाकीची बाहेर जाणारी नळी उघड्या गटारात, गटार नाल्यात, नाला कृष्णेत. मोरीचं, न्हाणीघराचं, धुणंभांड्याचं पाणी टाकीत जातच नाही, ते थेट गटाराला लागतं. भारतीय मानकाप्रमाणे टाकीतून निघालेलं पाणी शोषखड्ड्यात जिरायला हवं. पण जुन्या आळ्यांत घराला घर चिकटलेलं, शोषखड्ड्याला जागा कुठली? शिवाय खाली काळा पाषाण, आणि नदीकाठी पावसाळ्यात जमिनीतलं पाणी इतकं वर येतं की जिरायचं म्हटलं तरी जिरत नाही. गटाराला नळी जोडणं हा लोकांच्या दृष्टीने एकमेव मार्ग होता. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

टाकी उपसण्याची पद्धतही सगळीकडे असते तशीच : तुंबली की गाडी बोलवायची. आठ-दहा वर्षांतून एकदा, कधी त्याहूनही उशिरा. गाडीवाल्याला पैसे मिळतात टाकी रिकामी केल्याचे. गाडी कुठे रिकामी केली हे कुणी विचारत नाही. मग त्याच्या दृष्टीने सगळ्यात शहाणपणाची जागा ती, जिथे डिझेल कमी जळेल : जवळचा ओढा, पडीक जमीन, एखाद्याचं शेत. या क्षेत्रात काम करणारे एक ढोबळ प्रमाण सांगतात : पाच हजार लिटरची एक मैलागाडी उघड्यावर ओतणं म्हणजे पाच हजार माणसांनी उघड्यावर बसण्यासारखं आहे. गाव हागणदारीमुक्त झाल्याचा फलक लागतो आणि रात्री एक गाडी ओढ्याला लागते. दोन्ही एकाच गावात घडू शकतं.

भुयारी गटार का नाही

हा प्रश्न पहिल्यांदा येतो आणि तो रास्त आहे. मोठ्या शहरांकडे आहे ते आम्हाला का नको?

भुयारी गटाराला दोन गोष्टी लागतात : भरपूर पाणी आणि सतत पैसा. नळ्यांत मैला बसू नये म्हणून पाण्याला सेकंदाला किमान ०.६ मीटरचा वेग हवा, आणि तो वेग टिकवायला माणशी रोज १३५ लिटर पाणीपुरवठा गृहीत धरतात. एकदा नळ्या टाकल्या की पंपांचं वीजबिल, चेंबर साफ करणं, केंद्र चालवणं हे दर महिन्याला येतं. बांधकामाला वरून अनुदान मिळतं, चालवायला मिळत नाही. महाराष्ट्रात बांधून झालेली आणि वीजबिलापायी बंद पडलेली केंद्रं शोधायला फार लांब जावं लागत नाही. त्यात जुन्या वाईसारख्या गावात आळ्या इतक्या अरुंद की खोल चर खणायचा तर घरांच्या पायाला धक्का.

तिसरी अडचण बोलली जात नाही. रस्त्यात नळी आली तरी घराची जोडणी घरमालकाने करायची असते. त्याला टाकी बंद करावी लागते, अंगण किंवा स्वयंपाकघर फोडावं लागतं, खर्च करावा लागतो. म्हणून अनेक ठिकाणी वर्षानुवर्षं जोडण्या होत नाहीत आणि केंद्रात पुरेसं मैलापाणी पोचत नाही.

वाईत अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाचं पाणी आणि स्वच्छता केंद्र नगरपालिकेबरोबर काम करत होतं. त्यांच्या मदतीने झालेल्या अभ्यासातून निघालेली दिशा थोडक्यात अशी : टाक्या आहेत, त्या जाणार नाहीत. मग त्या टाक्याच नीट चालवू. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारचं मैलागाळ आणि सेप्टेज (सेप्टिक टँकमधून उपसलेला गाळ) व्यवस्थापनाचं राष्ट्रीय धोरण आलं. २०१८ मध्ये वाईत दोन गोष्टी उभ्या राहिल्या : ठरलेल्या वेळापत्रकाने सगळ्या टाक्या उपसणं, आणि उपसलेल्या गाळासाठी प्रक्रिया केंद्र.

तीन वर्षांची पाळी

माझ्या मते प्रकरणाचा खरा गाभा केंद्रात नसून या वेळापत्रकात आहे. म्हणून इथे थोडं थांबतो.

नियम साधा : गावातली प्रत्येक टाकी तीन वर्षांतून एकदा उपसली जाईल. तुंबली म्हणून नव्हे, पाळी आली म्हणून. कुणी अर्ज करायचा नाही, फोन करायचा नाही, गाडी आल्यावर रोख पैसे द्यायचे नाहीत. खर्च नगरपालिकेचा, आणि त्यासाठी मालमत्ताधारकांवर एक स्वच्छता कर. पाणीपट्टी, घरपट्टी भरतो तसा.

हिशेब पाहा. हजार टाक्या असतील तर वर्षाला ३३३ उपसायच्या. कामाचे तीनशे दिवस धरले तर दिवसाला एकीपेक्षा जरा जास्त. म्हणजे काही हजार टाक्यांच्या गावाला दोन-तीन गाड्या पुरतात आणि त्या रोज कामाला लागलेल्या राहतात. मागणीप्रमाणे उपसण्यात हे जमत नाही. पावसाळ्यात दहा घरांची बोंब एकदम होते आणि उन्हाळ्यात गाडी उभी राहते. वेळापत्रकामुळे गाडीवाल्याला रोजचं काम, नगरपालिकेला रोजचा अंदाज आणि प्रक्रिया केंद्राला रोजचा गाळ मिळतो. प्रक्रिया केंद्रं बिघडतात त्यातलं मोठं कारण म्हणजे आज चार गाड्या आणि मग आठवडाभर काहीच नाही, हे असतं.

पैशाची रचनाही विचारपूर्वक केली आहे. उपसण्याचं काम खासगी ठेकेदाराकडे, पण त्याला मोबदला किती टाक्या उपसल्या त्यावर. कामाशी बांधलेला वार्षिक मोबदला, अशी ही पद्धत. गाळ केंद्रापर्यंत पोचला पाहिजे. घरमालकाची सही, गाडीवाल्याची नोंद आणि केंद्रावरची नोंद, या तिन्हींचा मेळ मोबाइल अ‍ॅपवर लागतो. रात्री ओढ्यात गाडी सोडली तर केंद्रावरची नोंद होत नाही, आणि तिसरी नोंद नाही म्हणजे पैसे नाहीत. ज्या गाडीवाल्याला कालपर्यंत ओढा स्वस्त पडत होता त्यालाच आता केंद्र स्वस्त पडतं. माणूस तोच असतो, बदलतो तो हिशेब.

ठेकेदारालाही भीती असते : नगरपालिका पैसे वेळेवर देईल का? छोट्या नगरपालिकांशी व्यवहार करणाऱ्या कुणालाही ही भीती माहीत आहे. त्यासाठी ठेकेदाराच्या पैशांची सोय वेगळ्या, राखीव खात्यात करून ठेवायची. स्वच्छतेचा पैसा पगारात किंवा रस्त्याच्या कामात वळू नये, एवढाच उद्देश. कागदावर ही किरकोळ तरतूद वाटते, पण ती नसती तर चांगला ठेकेदार निविदा भरायलाच आला नसता.

आता अडचणी. पहिली अडचण टाकी सापडण्याची. जुन्या घरात टाकी नेमकी कुठे आहे हे आजोबांना ठाऊक होतं, ते गेले. वर फरशी बसली, फरशीवर स्वयंपाकघराचा ओटा आला. झाकण सिमेंटने लिंपलेलं, ते फोडायचं म्हटलं की घरातली बाई पहिल्यांदा विचारते, ‘फरशी कोण बसवून देणार?’ तो प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर योजनेत असायला हवं. दुसरी अडचण गल्लीची : गाडी आळीच्या तोंडाशी उभी करून लांब नळी आत न्यावी लागते. तिसरी अडचण नकाराची. ‘आमची भरली नाही, पुढच्या वेळी बघू.’ जिथे रोख पैसे मागत नाहीत तिथेही नकार येतो, कारण घाण दारात नको असते, घरात पाहुणे असतात, सण असतो.

यावरचा उपाय संयमाचाच आहे : आधी सूचना द्यायची, सोयीचा दिवस विचारायचा, काम झाल्यावर जागा धुऊन द्यायची. नगरपालिकेच्या आरोग्य विभागातल्या माणसाने दारात उभं राहून समजावून सांगणं, याला दुसरा पर्याय मला तरी दिसत नाही.

आणखी एक बाजू आहे, ती कधी हिशेबात येत नाही. टाकी वीस वर्षं न उपसली की तळाचा गाळ दगडासारखा होतो, यंत्राची नळी तो ओढत नाही. मग कुणीतरी माणूस आत उतरवला जातो, आणि बंद टाकीतल्या वायूने जीव जातो. २०१३च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय असं उतरवणं गुन्हा आहे, तरी बातम्या येत राहतात. तीन वर्षांनी उपसलेला गाळ पातळ असतो, यंत्र तो ओढून घेतं, माणसाला आत उतरावं लागत नाही. नदीसाठी केलेल्या एका नियमाने हेही साधतं, आणि मला ते नदीइतकंच मोलाचं वाटतं.

प्रक्रिया केंद्र

बिल अँड मेलिंडा गेट्स फाउंडेशनच्या साहाय्याने वाईत दिवसाला ७० हजार लिटर गाळ हाताळू शकेल असं केंद्र उभं राहिलं. पद्धत उष्णतेची. आलेल्या गाळातून चिंध्या, प्लास्टिक गाळून काढायचं, गाळ घुसळून एकसारखा करायचा, रसायन घालून पाणी आणि घन भाग वेगळा करायचा. घन भाग वाळवून कमी हवेत जाळायचा. त्यातून निघणारी उष्णता पुढचा गाळ वाळवायला, आणि शेवटी हातात उरतो जैवकोळसा. एवढ्या उष्णतेत जंतू किंवा जंतांची अंडी टिकत नाहीत. वेगळं झालेलं पाणी गाळण्यांतून काढून झाडांना घालता येतं.

नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरमध्ये याच धर्तीचं वेळापत्रक आहे, पण तिथे गाळ उन्हात वाळवण्याच्या वाफ्यांवर टाकतात. दोन पद्धतींत खरा फरक जागेचा आणि माणसाचा. वाफ्यांना जमीन जास्त लागते, पावसाळ्यात वेळ जास्त लागतो, पण यंत्र कमी आणि बिघाडही कमी. भट्टीच्या केंद्राला जागा थोडी पुरते, पण वीज, सुटे भाग आणि चालवणारा जाणकार हवा. त्यात एक तांत्रिक गाठ आहे : वेळच्या वेळी उपसलेला गाळ पातळ असतो, त्यात जळण्याजोगा भाग कमी, म्हणजे त्याला वाळवायला लागणारी उष्णता त्याच्यातूनच पुरी निघेल याची खात्री नाही. वेळापत्रक जितकं चांगलं पाळाल तितकं भट्टीचं काम अवघड होतं. मला विचाराल तर जमीन असलेल्या नगरपालिकेने वाफ्यांचाच विचार आधी करावा. कर्नाटकात देवनहळ्ळीला २०१५ मध्ये उभं राहिलेलं दिवसाला सहा हजार लिटरचं केंद्र जवळजवळ विजेशिवाय, उतारावर चालतं, आणि वाळलेला गाळ ओल्या कचऱ्याबरोबर कुजवून खत होतं.

दोन टक्क्यांचा प्रश्न

इथपर्यंत वाचून वाटेल की वाईने नदीचा प्रश्न सोडवला. तसं झालेलं नाही, आणि हे स्पष्ट म्हणायला हवं, कारण या योजनेची बाजू मनापासून घेणारे लोकही (त्यात मी आलो) इथे जरा घाई करतात.

माणशी १३५ लिटर पाणी आणि त्याच्या ८० टक्के सांडपाणी, हा सरकारी मोजमापाचा नेहमीचा हिशेब ३६ हजार लोकांना लावला तर रोजचं सांडपाणी सुमारे ३९ लाख लिटर होतं. केंद्राची क्षमता ७० हजार लिटर. म्हणजे पूर्ण क्षमतेने चाललं तरी सांडपाण्याच्या दोन टक्क्यांहून कमी पाणी तिथे जातं. उरलेले ९८ टक्के गटारातून नाल्यात आणि नाल्यातून कृष्णेत, या योजनेच्या कक्षेबाहेर.

आता नदीच्या बाजूने पाहू. माणशी दिवसाला २७ ग्रॅम बीओडी धरतात, म्हणजे घाण कुजवताना पाण्यातला किती प्राणवायू खाल्ला जाईल त्याचं माप. ३६ हजार माणसांचे झाले सुमारे ९७२ किलो. स्नानायोग्य पाण्यात बीओडी लिटरला तीन मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. हे ९७२ किलो तीन मिलिग्रॅमपर्यंत पातळ करायला रोज सुमारे ३२ कोटी ४० लाख लिटर पूर्ण स्वच्छ पाणी लागेल : सेकंदाला ३,७५० लिटर, आपल्या भाषेत १३२ क्युसेक. सगळी घाण नदीत पोचते असं धरून केलेला हा हिशेब आहे. प्रत्यक्षात काही गटारातच कुजते, काही जिरते. पण अंदाज यायला पुरेसा आहे.

टाकी उत्तम चालली तर काय होईल? शौचालयाचं आणि मोरीचं पाणी यांत ही घाण निम्मी-निम्मी आहे असं धरू. टाकीत जातं ते फक्त शौचालयाचं, ४८६ किलो. चांगली टाकी त्यातली ३० ते ५० टक्के अडवते. मधला आकडा घेतला तर १९५ किलो वाचले. उरले ७७७ किलो. नदीला आता सेकंदाला ३,७५० ऐवजी ३,००० लिटर लागतील.

मी हा हिशेब पहिल्यांदा कागदावर केला तेव्हा खट्टू झालो. एवढी धडपड, आणि नदीला पाचव्या हिश्श्याचा दिलासा!

त्यातही सेकंदाला ३,००० लिटर आणायचे कुठून? धोमचं पाणी उन्हाळ्यात डाव्या-उजव्या कालव्यांनी शेतीला जातं. ते बरोबरच आहे, त्यासाठीच धरण बांधलं. पण नदीच्या पात्रात वाईपाशी उतरतं ते आवर्तन, म्हणजे धरणातून पाळीने सोडलेलं पाणी, आणि झिरपा. नाल्याचं पाणी मात्र रोज सारखंच येतं, आवर्तन असो वा नसो. म्हणून चैत्र-वैशाखात घाटाजवळचं पाणी हिरवट होतं, नाल्याच्या तोंडाशी वास येतो आणि पहिल्या पावसात सगळं एकदम वाहून खालच्या गावांकडे जातं. नदीचं आरोग्य घाणीइतकंच पात्रातल्या पाण्यावर अवलंबून आहे, आणि तो निर्णय नगरपालिकेच्या हातात नाही, पाटबंधारे खात्याच्या हातात आहे. वाईच्या चर्चेत हा विषय कमी येतो. यायला हवा.

जंतूंची गोष्ट आणखी कडक. टाकी जंतू मारत नाही. तिच्यातून सुटलेल्या पाण्यात दर १०० मिलिलिटरला विष्ठेतले जंतू लाखांच्या घरात असतात. स्नानाच्या पाण्यात ते ५०० असावेत, २,५०० च्या वर तर नकोतच. कृष्णाबाईच्या उत्सवात ओंजळीत घेतलं जाणारं पाणी या मापाने तपासायचं असतं.

मग टाक्या उपसून काय मिळालं

मी आधी खट्टू झालो, नंतर हिशेब उलट्या बाजूने मांडला, आणि योजनेचं महत्त्व तेव्हा कळलं.

समजा वाईने उद्या नाले अडवून ते पाणी शुद्ध करायचं ठरवलं. टाक्या तुंबलेल्या असतील तर नाल्यात मैला, वाळू, गाळ सगळं येणार. त्याला जाळ्या लागणार, मोठी खोल नळी लागणार, पहिल्या टप्प्याच्या टाक्या लागणार आणि त्यांचा गाळ काढायला रोजची यंत्रणा लागणार. टाक्या वेळेवर उपसलेल्या असतील तर पहिला टप्पा गावभर, घरोघर आधीच झालेला असतो. बाहेर येतं ते बऱ्यापैकी निवळलेलं पाणी. ते लहान व्यासाच्या, उथळ आणि कमी उताराच्या नळीतून नेता येतं, कारण त्यात तळाशी बसणारं फार काही नसतं. ज्या आळीत खोल चर खणता येत नाही तिथे हात-दीड हात खोल नळी जाऊ शकते. सेकंदाला ०.६ मीटरचा जो नियम आपण वर पाहिला, त्याची सक्तीही इथे सैल होते.

म्हणजे टाकी उपसणं हा शुद्धीकरण केंद्राला पर्याय नाही. ती केंद्राची पहिली पायरी आहे, आणि ही पायरी नगरपालिकेने नव्हे, घरमालकांनी आपल्या पैशाने आधीच बांधून ठेवलेली आहे. तिचं भांडवल गुंतलेलं आहे, फक्त देखभाल होत नव्हती. वाईने ती देखभाल सुरू केली.

दुसऱ्या पायरीला जागेचा प्रश्न कठीण आहे. निवळलेलं पाणी पाणवनस्पतींच्या वाफ्यांतून शुद्ध करायचं तर आपल्या हवामानात माणशी एक-दोन चौरस मीटर जागा लागते. ३६ हजारांना साडेतीन ते सात हेक्टर. घाटांच्या गावात एवढी सलग जमीन मिळणार नाही. नाला अडवून ते पाणी गावाच्या खालच्या अंगाला नेलं तर काही मिळेल, बाकीच्यासाठी यंत्राचं छोटं केंद्र लागेल. २०१७च्या केंद्रीय अधिसूचनेत अशा केंद्रांसाठी महानगरांबाहेर बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅमची मर्यादा होती, २०१९ मध्ये हरित लवादाने ती १० वर आणायला सांगितली. १० साठी वीज जास्त, माणूस जास्त जाणकार. १ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात एक लाखाखालच्या शहरांच्या वापरलेल्या पाण्यासाठी पैसा ठेवला गेला, त्यामुळे बांधायचा खर्च हा आता पूर्वीइतका मोठा अडसर नाही. चालवायचा खर्च आहेच. पण इथे वाईकडे इतरांकडे नसलेली एक गोष्ट आहे : लोक स्वच्छतेसाठी वेगळा कर भरतात आणि त्याबदल्यात काहीतरी दारात येताना पाहतात. नवीन केंद्राचं वीजबिल याच सवयीवर उभं राहू शकतं.

वाई-सिन्नरच्या अनुभवानंतर राज्याने छोट्या नगरपालिकांत गाळप्रक्रिया केंद्रं मोठ्या संख्येने हाती घेतली, आणि जिथे मोठं मैलाशुद्धीकरण केंद्र जवळ आहे तिथे टँकरचा गाळ त्याच्यातच घ्यायचं ठरलं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या यादीत देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी ५३ महाराष्ट्रातले होते, सगळ्या राज्यांत जास्त, तेव्हा हे होणं गरजेचंच होतं. माझी काळजी एवढीच की वाईकडून केंद्राचा आराखडा घेतला जातो आणि वेळापत्रक मागे राहतं. केंद्र बांधल्याचं बिल निघतं, उद्घाटन होतं. वेळापत्रकाचं उद्घाटन होत नाही. गाड्या आल्याच नाहीत तर वाफे कोरडे राहतात, त्यावर गवत उगवतं.

म्हणून अशा गावाची पाहणी करायची वेळ आली तर मी केंद्र आधी पाहणार नाही. नगरपालिकेत जाऊन एखाद्या आळीची नोंदवही मागेन आणि ज्या घरांची टाकी तीन वर्षांपूर्वी उपसली होती, तिथे दुसऱ्यांदा गाडी गेली का ते पाहीन. पहिली फेरी उत्साहात होते, मदत करणारी संस्था सोबत असते. दुसऱ्या फेरीत झाकण कुठे आहे हे माहीत असतं, फरशी एकदा फोडलेली असते, त्या जागी आता उचलता येईल असं झाकण बसवलेलं असतं की पुन्हा सिमेंट लिंपलेलं असतं, ते बघायचं. तिथून नाल्याच्या काठाने चालत घाटापर्यंत यायचं आणि नाल्याच्या तोंडाच्या वर एक, खाली एक अशा दोन बाटल्या भरून घ्यायच्या. एप्रिलमध्ये, आवर्तन बंद असताना.